पहिली गुढी उभारताना : पाडव्याची तयारी, बांधणी आणि रीत

पाडव्याच्या सकाळी जे काही बिघडतं, ते बहुतेक काठीच्या वरच्या वीतभर भागात बिघडतं. तांब्या कलतो, साडी घसरून काठीच्या अर्ध्यावर येते, गाठी तुटून खाली पडतात. पूजेचं साहित्य, नैवेद्य, रांगोळी या गोष्टी घरोघरी कमीजास्त होतात आणि त्याने काही अडत नाही. टोकाची बांधणी मात्र नीटच व्हावी लागते, कारण गुढी दिवसभर उन्हावाऱ्यात उभी राहायची असते. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरी गुढी उभारणार असाल तर सगळ्यात जास्त लक्ष तिथे द्या.

दिवस कसा ठरतो

पाडवा म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा, शालिवाहन शकाच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. ज्या दिवशी सूर्योदयाला प्रतिपदा असते त्या दिवशी गुढी उभारायची. दोन सूर्योदयांना प्रतिपदा मिळाली तर पहिला दिवस धरतात. कधी ती एकाही सूर्योदयाला मिळत नाही, म्हणजे तिथीचा क्षय होतो. अशा वेळी प्रतिपदा ज्या दिवशी सुरू होऊन संपते तो दिवस पाडव्याचा. २०२६ साली असंच आहे. १९ मार्चला सूर्य उगवताना अमावास्या, थोड्याच वेळात प्रतिपदा सुरू आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी ती संपलेली. पंचांगात १९ तारखेपुढे अमावास्या छापलेली पाहून गोंधळू नका, पाडवा त्याच दिवशी.

शक काढायचा तर पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करा, पाडव्याच्या आधी ७९. म्हणजे २०२६चा पाडवा शके १९४८चा. संवत्सराचं नावही घरीच काढता येतं : शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०, बाकी ४०, आणि साठ संवत्सरांच्या यादीत चाळिसावं नाव पराभव. पुढच्या वर्षी एकेचाळिसावं, प्लवंग. नावाचा अर्थ त्या वर्षाला लावून घाबरायचं किंवा हुरळायचं कारण नाही. ही नावं ओळीने येतात आणि दर साठ वर्षांनी परत येतात. मुलांना हा हिशोब आवर्जून करायला द्या.

सरकारी दिनदर्शिकेतलं चैत्र १ ही वेगळी गोष्ट आहे. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिचा शक तोच, पण ती सूर्यावर चालते, म्हणून तिचा वर्षारंभ दरवर्षी २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) येतो. पाडवा चंद्रावर चालतो, त्यामुळे तो मार्च-एप्रिलमध्ये मागेपुढे होतो.

पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, दिवाळीतली बलिप्रतिपदा अर्धा. त्यामुळे गृहप्रवेश, सोनेखरेदी, नव्या कामाची सुरुवात यांसाठी या दिवशी वेगळा मुहूर्त पाहत नाहीत.

गुढी आली कुठून

एकच उगम सांगता येत नाही, आणि तसा सांगायचा आग्रहही धरू नये. ब्रह्मदेवाने या दिवशी सृष्टी निर्माण केली असं पुराणपरंपरा मानते. म्हणून गुढीला ब्रह्मध्वज म्हणतात. राम अयोध्येला परतला तेव्हा लोकांनी दारोदारी गुढ्या उभारल्या, ही घराघरांत सांगितली जाणारी कथा. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकले आणि शत्रूला हरवलं, ही तिसरी. इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर शकगणना इसवी सन ७८ पासूनची. तिचा आरंभ अभ्यासक शक-कुषाण राजांशी जोडतात आणि शालिवाहनाचं नाव तिला पुष्कळ नंतर लागलं.

काठी उभारण्याच्या रीतीशी सगळ्यात जवळची जुनी कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. इंद्राने उपरिचर वसू राजाला वेळूची काठी दिली. वर्ष सरताना राजाने ती जमिनीत रोवून उभी केली, आणि तेव्हापासून राजे अशी काठी वस्त्रांनी, माळांनी सजवून उभारू लागले. वेळू, वस्त्र, माळ आणि वर्षाचा सांधा या चारही गोष्टी आजच्या गुढीत आहेत. मराठीत ‘गुढी उभारणे’ हा शब्दप्रयोग निदान सातशे वर्षांचा : शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीत तो सुखाच्या, विजयाच्या अर्थाने आलेला आहे.

याच दिवशी आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकात उगादी असते, गोव्यात संवसर पाडवो.

काय काय लागेल

काठी वेळूची, म्हणजे बांबूची. घराच्या दारात किंवा बाल्कनीत लावायची तर पाच ते सात फूट पुरे. वाड्याच्या अंगणात दहा-बारा फुटांचीही लावतात. जाडी मुठीत सहज मावेल एवढी. सरळ, चीर नसलेली, आणि वरच्या टोकापासून सहा-आठ बोटांवर एखादं ठळक पेर असलेली काठी निवडा. हे पेर फार कामाचं आहे. कसं ते पुढे येईल.

वस्त्र नवं किंवा धुतलेलं, शक्यतो रेशमी, काठापदराचं. साडीच हवी असं नाही. फ्लॅटच्या खिडकीत पाच फुटी काठीला जरीकाठी खण साडीपेक्षा जास्त शोभतो आणि त्याचं वजनही नगण्य. पहिल्या वर्षी खणच घ्या, असा आमचा स्पष्ट सल्ला.

तांब्या किंवा गडू तांब्याचा, पितळेचा नाहीतर चांदीचा. मोठा घेऊ नका. पाव किलोच्या आसपासचा असला की टोक जड होत नाही. गळा असलेला मात्र हवा, कारण त्या गळ्याला दोरा बांधायचा आहे.

याखेरीज कडुनिंबाची फुलोऱ्यासकट डहाळी, आंब्याची डहाळी, झेंडूची नाहीतर मिळेल त्या फुलांची माळ, साखरेच्या गाठी, सुतळी, पाट, रांगोळी, हळद-कुंकू, अक्षता, निरांजन, उदबत्ती, आणि दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. पाडव्याला बाजारात बांधून तयार छोट्या गुढ्याही मिळतात. देवघरापुढे ठेवायला त्या ठीक आहेत, पण दारातल्या गुढीला त्यांचा उपयोग नाही.

कडुनिंबच आहे ना?

शहरात डहाळी आणायला निघालेले नवखे लोक इथे हमखास चुकतात. कडुनिंबासारखं दिसणारं बकाणनिंब हे झाड रस्त्यांच्या कडेला, बागांमध्ये पुष्कळ असतं आणि त्याची फळं विषारी असतात. गुढीला चुकून लागलं तर एकवेळ चालेल. चटणीत मात्र जाता कामा नये. ओळख अशी : कडुनिंबाच्या एकाच मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पानं लागलेली असतात. पान कोयत्यासारखं किंचित वाकडं, कडा करवती, आणि फुलं बारीक, पांढरी, मंद वासाची. बकाणनिंबात मधल्या दांड्याला आणखी फाटे फुटतात आणि त्या फाट्यांना पानं लागतात, फुलं जांभळट. कढीनिंबाशी घोटाळा व्हायचं कारण नाही, त्याचा वासच सांगतो.

फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाची जुनी पानं झडून तांबूस कोवळी पालवी येते आणि पाठोपाठ फुलोरा. पाडव्याला कडुनिंब का, याचं उत्तर या झाडाकडे पाहिलं की मिळतं. डहाळी हातभर लांबीची पुरे, फांदी तोडून आणू नका. रस्त्याकडेची, धुळीची असेल तर दोनदा धुवा.

आदली संध्याकाळ

काठी धुऊन वाळवा. मग तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने घासून पुसा. तेल राहिलं तर रेशमावर डाग पडतो, आणि काठी निसरडी होऊन गाठ बसत नाही. ज्यांच्याकडे काठीला हळदकुंकू लावायची पद्धत आहे त्यांनी ते खालच्या अर्ध्या भागात लावावं, वस्त्राला लागणार नाही अशा बेताने.

डहाळ्यांचे देठ पाण्यात बुडवून ठेवा, फ्रीजमध्ये नको. गाठी घट्ट झाकणाच्या डब्यातच राहू द्या; कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्या रात्रभरात चिकट होतात आणि दोऱ्यावरून सुटतात. चटणीसाठी दोन चमचे हरभरा डाळ भिजत घाला.

श्रीखंड घरी करणार असाल तर दहीही आत्ताच टांगावं लागेल. चक्का सहा ते आठ तासांत होतो, पण मार्च-एप्रिलच्या उकाड्यात ओट्यावर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं. चाळणीवर मलमलचं कापड पसरून त्यात दही घाला, खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवा. वर एखादी जड वाटी ठेवली की पाणी लवकर निथळतं.

तांब्यावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक किंवा पाच बोटं काढायची तीही रात्रीच, म्हणजे सकाळपर्यंत वाळतात. काढताना तांब्या पालथा धरा. सुलटा ठेवून काढलेली बोटं गुढीवर उलटी दिसतात.

बांधणी

सकाळी अभ्यंगस्नान करून मग गुढीला हात लावतात. काठी आडवी ठेवा, टोक पाटावर किंवा खुर्चीवर टेकवा. उभ्या काठीला बांधायचा प्रयत्न करू नका.

आधी वस्त्र. खण असेल तर काठ समोर येईल अशा चार-चार बोटांच्या चुण्या करा आणि एका टोकाशी मुठीत धरा. सहावारी साडी असेल तर लांबीत दोनदा दुमडा. सुमारे दीड मीटर लांबीचा पट्टा होईल; त्याच्या रुंदीत चुण्या घाला, जरीचा काठ सगळ्यात बाहेर ठेवा. नऊवारीचा बोंगा फार मोठा होतो, तिला लांब काठीच हवी.

चुण्यांची मूठ काठीवर ठेवा. वर काठीचं टोक चार बोटं मोकळं राहिलं पाहिजे. सुतळीचे दोन वेढे आधी नुसत्या काठीला द्या, मग वस्त्रावरून तीन-चार वेढे घट्ट आवळा आणि गाठ मारा. ही गाठ पेराच्या अगदी वर बसवा. पेराचा उंचवटा तिला खाली सरकू देत नाही. पेर योग्य जागी नसेल तर त्या ठिकाणी काठीवर आधी सुती चिंधीचे दोन-तीन वेढे घट्ट बांधा आणि गाठ त्यांच्या वर बसवा. साडी घसरते ती बहुतेक वेळा गुळगुळीत काठीवर थेट बांधल्यामुळे.

नंतर कडुनिंब आणि आंब्याच्या डहाळ्या, पानं खाली झुकतील अशा. त्यांना वेगळी सुतळी आणि वेगळी गाठ. कारण साधं आहे : उन्हात देठ सुकून आकसतात आणि त्यांच्यावरची गाठ सैल पडते. सगळं एकाच गाठीत बांधलं असेल तर दुपारी पानांबरोबर साडीही खाली येते. त्यावर फुलांची माळ, सगळ्यात वर गाठी. झेंडूचा रंग फिक्या रेशमाला लागतो, तेव्हा माळ डहाळ्यांच्या पानांवर येईल असं पाहा. गाठींचा दोरा बारीक आणि कच्चा असतो. त्यात सुतळीचा किंवा जाड दोऱ्याचा एक पदर ओवून घ्या.

शेवटी तांब्या पालथा घाला. तो सुतळीच्या गाठींवर घट्ट टेकला पाहिजे आणि हलवल्यावर खुळखुळता कामा नये. सैल वाटला तर काढा, मोकळ्या टोकाला सुती रुमाल गुंडाळा, पुन्हा घाला. तांब्याच्या गळ्याला दोरा बांधून त्याचं दुसरं टोक वस्त्राखाली काठीला बांधा. तो दिसत नाही, पण तांब्या निसटला तरी खाली कुणाच्या डोक्यावर पडत नाही. वरच्या मजल्यांवर हा दोरा वगळू नका.

कुठे आणि कशी उभी करायची

जागा मुख्य दाराची, घरातून बाहेर पडताना उजव्या हाताला. जमीन पुसून रांगोळी काढा, पाट मांडा, काठीचा बुंधा पाटावर ठेवा. गुढी थोडी पुढे झुकलेली ठेवायची पद्धत आहे, म्हणजे वस्त्र काठीला न चिकटता मोकळं लोंबतं आणि वाऱ्याने हलतं.

कठड्याला किंवा खिडकीच्या जाळीला बांधताना दोन ठिकाणी बांधा, दोन्हींत निदान दोन फूट अंतर ठेवून. एकाच जागी बांधलेली काठी वाऱ्याने गोल फिरते आणि वस्त्र स्वतःभोवती गुंडाळून घेते. बाहेर विजेच्या तारा असतील तर गुढी बाहेर काढूच नका. टोकाला धातूचा तांब्या आहे आणि काठी ओली असू शकते. दाराच्या आत, उंबऱ्याजवळ उभारलेली गुढी तितकीच चांगली.

परदेशात किंवा जिथे वेळू मिळत नाही तिथे पडद्याचा लाकडी दांडा, सरळ लाकडी काठी चालते. ती गुळगुळीत असते, म्हणून चिंधीचे वेढे विसरू नका.

पूजा

सूर्योदयानंतर सकाळीच गुढी उभारावी. पूजा लहान आहे : काठीला गंध, हळद-कुंकू, अक्षता, फूल, मग उदबत्ती, निरांजन आणि नैवेद्य. ‘ब्रह्मध्वजाय नमः’ एवढं म्हटलं तरी पुरतं. त्यानंतर नव्या पंचांगाची पूजा आणि वाचन. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं म्हणून पंचांग. सगळं वाचायला वेळ नसेल तर संवत्सराचं नाव आणि त्या दिवसाची ही पाच अंगं मोठ्याने वाचा.

घरात शाळकरी मुलं असतील तर पाटीपूजन करा. एकाच्या आकड्यांनी सरस्वतीची आकृती पाटीवर काढतात, तिला हळद-कुंकू, फूल वाहतात. पाटी नसली तर वही घ्या.

कडुनिंबाची चटणी

गोडाच्या आधी हीच खायची. चार जणांसाठी : कडुनिंबाची १०-१२ कोवळी, तांबूस पानं (डहाळ्या नव्हेत, सुटी पानं), चमचाभर फुलं, दोन चमचे भिजलेली हरभरा डाळ, दोन चमचे गूळ, चमचाभर चिंचेचा कोळ, अर्धा चमचा जिरं, दोन मिरे, चिमूट ओवा, चिमूट हिंग, मीठ. डाळ, जिरं, मिरे, ओवा आधी भरड वाटा, गूळ-चिंच-हिंग-मीठ घाला, आणि पानं-फुलं शेवटी घालून खलबत्त्यात चारदोन ठोके द्या. मिक्सरमध्ये पानं बारीक फिरवली की सगळी चटणी कडूजहर होते. जून हिरवी पानंही तशीच. वाटल्यावर लगेच वाढा, ठेवली की कडूपणा चढतो.

प्रत्येकाला अर्धा चमचा पुरे. तान्ह्या बाळांना देऊ नये आणि गरोदर बाईने कडुनिंब खाणं टाळावं. तिने नुसता गूळ-डाळ-चिंचेचा प्रसाद घ्यावा.

जेवणात श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळी. अर्धा किलो चक्क्याला ३५० ते ४०० ग्रॅम साखर. दोन्ही हाताने मिसळून अर्धा तास ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा, कोमट दुधात खललेलं केशर, वेलची आणि जायफळ घाला. श्रीखंड पातळ होतं त्याचं कारण बहुधा चक्क्यात उरलेलं पाणी. साखर पडली की ते आणखी सुटतं. मिक्सर इथेही वापरू नका.

बाकीच्या रीती

लहान मुलांच्या गळ्यात गाठी घालतात, काही भागांत साखरेचं कडंही देतात. विदर्भात मुलांना गाठी होळीलाच मिळायला लागतात. मराठवाडा-विदर्भात शेतावरच्या सालगड्याचं साल पाडवा ते पाडवा धरतात, म्हणून गावाकडे हा दिवस हिशोबाचा आणि नव्या कराराचाही. चैत्री नवरात्र याच दिवशी बसतं आणि रामनवमीला उठतं. तृतीयेला चैत्रगौर बसते. मग अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकू, आंबेडाळ आणि पन्हं. पाणपोया सुरू करायचा दिवसही पाडवाच, आणि उन्हाळा पाहता दारात पाण्याचा एक माठ ठेवणं ही रीत सगळ्यांनी उचलावी. शहरांमधल्या सकाळच्या स्वागतयात्रा मात्र अलीकडच्या आहेत, डोंबिवलीची १९९९ पासूनची. यात्रेला जायचं असेल तर गुढी तासभर आधी उभारून घ्या. बांधणीत घाई झाली की ती दुपारी दिसते.

उतरवणं

गुढी सूर्यास्ताच्या आधी उतरवतात. काही घरांत दुपारच्या नैवेद्यानंतरच उतरवायची पद्धत आहे. सासरची-माहेरची रीत वेगळी असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून एक ठरवा. हळद-कुंकू, अक्षता वाहा, गूळ किंवा साखरेचा नैवेद्य दाखवा, नमस्कार करा, मग काठी सावकाश आडवी करा. आधी तांब्या, मग गाठी, माळ, डहाळ्या आणि शेवटी वस्त्र : बांधलं त्याच्या नेमकं उलट्या क्रमाने. सुतळी ओढू नका, कापा; ओढताना जरीचा धागा निघतो.

गाठी मुलांत वाटून टाका, उन्हात तापलेल्या असतील तर आधी धूळ पुसून घ्या. कडुनिंबाची पानं सावलीत वाळवून धान्याच्या डब्यात ठेवतात. पूर्ण वाळली नसतील तर धान्याला ओल लागते, तेव्हा दोन-चार दिवस जास्तच वाळू द्या. साडी घडी घालण्याआधी रात्रभर मोकळी टाका. काठी पुढच्या वर्षीही चालते, फक्त कोपऱ्यात तिरकी टेकवून ठेवू नका, वर्षभरात वाकते. पलंगाखाली आडवी ठेवा.